ख्रिस्ती आणि कयामतची भाकिते: ग्रंथ एकच, अर्थ अनेक

गाझा किंवा जेरुसलेमची बातमी आली की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागतात. "बायबलमध्येच लिहिलंय, म्हणून ख्रिश्चन इस्राईलच्या पाठीशी आहेत," असं त्यात ठामपणे सांगितलेलं असतं. मग मुलं आम्हा शिक्षकांना विचारतात, हे खरं का? थोडक्यात उत्तर असं की काही ख्रिस्ती तसं मानतात, सगळे नाही. हा फरक समजून घेणं गरजेचं आहे.

समान श्रद्धा

हजरत ईसा (अलै.), म्हणजे ख्रिस्ती भाषेत येशू, पुन्हा येतील आणि जिवंत व मृत अशा सर्वांचा न्याय करतील, हे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट तिघेही मानतात. चौथ्या शतकातल्या निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, ते आलेलं आहे. कधी आणि कसं, इथून मतभेद सुरू होतात.

हजार वर्षांचा वाद

बायबलच्या शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. त्याचे तीन अर्थ लावले जातात.

1. येशू आधी येतील, मग हजार वर्षांचं राज्य सुरू होईल. दुसऱ्या शतकात जस्टिन आणि इरेनियस यांचं मत असंच होतं.
2. आधी धर्मप्रसाराने जग सुधारेल, मग येशू येतील. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या मताचा जोर होता; दोन महायुद्धांनंतर तो ओसरला.
3. हजार हा आकडा प्रतीकात्मक आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी हे मत मांडलं. कॅथलिक चर्चची धारणा साधारण अशीच आहे.

घडून गेलं की घडायचंय?

काही अभ्यासक म्हणतात की यातली बरीच भाकितं पहिल्या शतकातच पुरी झाली. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, ती खूण ते दाखवतात. 666 या आकड्याचं त्यांचं स्पष्टीकरण आपल्याला लगेच कळेल, कारण ते अबजदसारखंच आहे: 'नेरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येते. नेरो हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन बादशहा होता.

काहींनी याच भाकितांत पुढचा सगळा इतिहास शोधला. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही येशूंच्या आगमनाची तारीख धरली. हजारो लोक वाट पाहत राहिले. काहीच घडलं नाही.

इस्राईलचा संबंध कुठून आला?

तिसरा गट म्हणतो, बहुतेक सगळं अजून घडायचंय. 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने नवी मांडणी केली: श्रद्धावंत अचानक आकाशात उचलले जातील, मग सात वर्षांचं संकट येईल, आणि यहुद्यांना दिलेली वचनं शब्दशः पुरी होतील. 1909 च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून हे विचार अमेरिकेत घरोघरी पोचले. 1948 मध्ये इस्राईल स्थापन झाल्यावर या गटाला भाकित खरं ठरल्यासारखं वाटलं. व्हिडिओंमधला 'ख्रिश्चन' बहुधा याच परंपरेतला असतो. तिचा अमेरिकेच्या राजकारणावर प्रभाव आहे, पण ती दोनशे वर्षांपेक्षाही कमी जुनी आहे.

या विचाराला विरोध करणारे ख्रिस्ती खुद्द जेरुसलेममध्येही आहेत. 2006 मध्ये तिथल्या कॅथलिक, सीरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लुथरन धर्मप्रमुखांनी एकत्र निवेदन काढून 'ख्रिस्ती झायोनिझम' ही खोटी शिकवण असल्याचं जाहीर केलं. पॅलेस्टिनी ख्रिस्तीही त्या भूमीवर ताब्याचं दुःख सोसत आहेत.

आपल्या आसपास

वसईत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, मराठी बोलणारे बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक आहेत. पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना त्यांच्या चर्चच्या 1992 च्या अधिकृत धर्मशिकवणीत नाकारलेली आहे. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या उपदेशकाच्या बोलण्याचा जाब आपण वसईच्या शेजाऱ्याला विचारणं बरोबर नाही. आपल्याबाबत कुणी असं केलं की किती टोचतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर मुलांना आधी एवढंच विचारायला सांगा: हा बोलणारा कोणत्या पंथाचा आहे, आणि हे मत कधीपासूनचं आहे?