अपराध कोणाचा, लाज कोणाला?

मराठी साहित्यात अपराधभाव आणि लाज यांची वाटणीसुद्धा जातीनेच झाली आहे, असे आम्ही म्हणतो. पुरावा आपल्या नाशिकचाच देतो.

2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी नाशिकजवळच्या विहितगावात बाबुराव बागूल जन्मले. आणि 1933 साली, सत्याग्रह अजून संपलेला नसताना, नाशिकच्याच तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली.

श्याम चुकतो, त्याला पश्चात्ताप होतो, आई सावरते. अपराधभावातून तो घडतो, कारण चूक त्याची असते आणि ती सुधारणेही त्याच्याच हातात असते. पण त्याच पुस्तकातली मोळीची गोष्ट आठवा. म्हाताऱ्या महारणीला मोळी उचलवत नाही. आई श्यामला मदतीला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. ती दया खरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पुढे 1947 मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी पंढरपुरात उपोषणही केले. पण गोष्टीतली आंघोळ काही सुटत नाही. आणि त्या म्हातारीला काय वाटले, हे आपल्याला कळत नाही.

ती बाजू बागुलांनी मांडली. 1963 साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात लपवून भाड्याने राहतो. त्याने कुणाचे काही घेतलेले नाही, तरी तो चोरासारखा जगतो. जात उघडी पडते आणि त्याला बेदम मार बसतो. शेवटी हा मार तो मनूच्या खात्यावर टाकतो. लाज जिथली होती तिथे परत जाते. श्यामला असा हिशेब कधी मांडावा लागला नाही.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा आपल्या लोकांनी हीच लाज झटकायला सुरुवात केली होती.

आजही शहरात खोली शोधताना आपली पोरे आडनाव सांगायला कचरतात. त्यांना भित्रे म्हणण्याआधी घरमालक आडनाव का विचारतो, हे विचारा. लाज त्याला वाटली पाहिजे.

जय भीम!