फ्लॉसिंग पट्टी उपचार (घोट्याचा)

वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याभोवती रबरी पट्टी ताणून गुंडाळायची आणि ती बांधलेली असतानाच सांधा हलवायचा, अशी भौतिकोपचारातील एक पद्धत. अमेरिकन भौतिकोपचारतज्ज्ञ केली स्टॅरेट यांच्यामुळे ती व्यायामशाळांमध्ये पोचली.

पाय आत वळून मुरगळला की बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध दुखावतो. सूज उतरते, पण काहींचा घोटा पुढे सपाट जमिनीवरही दगा देतो. एम. ए. आर. फ्रीमन यांनी १९६५ मध्ये याचा संबंध सांध्याच्या स्थितिसंवेदनेतील बिघाडाशी जोडला. म्हणजे केवळ अस्थिबंधाचा सैलपणा एवढेच कारण नव्हे.

सुमारे ५ सेंमी. रुंद लॅटेक्सची पट्टी पावलाकडून पोटरीकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत बांधतात. मग रुग्ण १ ते ३ मिनिटे पाऊल वर-खाली करतो, उकिडवा बसतो. पट्टी सोडताच फिकट पडलेली त्वचा लालसर होते. बोटे बधिर किंवा निळसर झाली, तर पट्टी लगेच काढावी.

ड्रिलर व ओव्हरमेयर यांच्या २०१७ मधील अभ्यासात घोट्याची हालचाल व उडी सुधारल्याचे दिसले. मात्र त्या अभ्यासातील खेळाडू निरोगी होते, ही बाब जाहिरातींत हमखास गळते. हालचाल वाढणे म्हणजे स्थैर्य येणे नव्हे. त्यामुळे एका पायावर तोल सांभाळणे आणि पोटरीच्या बाहेरील स्नायूंना बळकटी देणे हाच मुख्य उपचार. पट्टी त्याआधीची तयारी. शिरेत रक्ताची गुठळी, उघडी जखम किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास ती वर्ज्य.