जंगलातला कर्ब : वरून की खालून?

जंगलाच्या मातीत कर्ब कोठून येतो, असे वर्गात विचारले तर ‘पालापाचोळा कुजून’ हेच उत्तर येईल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे लागली.

सुरुवात झाली ती ट्रफलपासून. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, खवय्यांची आवडती बुरशी. तिची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे सोपवले होते. ओक, बीच अशा झाडांची बारीक मुळे तपासताना त्यांना मुळांवर बुरशीचे आवरण दिसले. झाडे मात्र निरोगी होती. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, असे नाव दिले. बुरशी झाडाला पाणी व क्षार पुरवते, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळांना ते पटले नाही.

मग बुरशीला मोबदला काय? स्वीडनचे एलियास मेलिन व त्यांचे सहकारी निल्सन यांनी पाइनच्या रोपांना किरणोत्सारी कार्बन पुरवला. पानांनी घेतलेला हा कर्ब मुळांवरच्या बुरशीत पोचल्याचे त्यांनी १९५७ मध्ये दाखवले.

हा व्यवहार केवढा मोठा आहे? पीटर हॉगबर्ग व सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनमधील पाइनच्या बुंध्यांवरची साल कड्यासारखी काढली. सालीबरोबर रसवाहिन्या तुटतात. पाणी वर चढत राहते, पण पानांतली साखर मुळांकडे उतरत नाही. एकदोन महिन्यांत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ५४ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीचा निम्मा श्वास ताज्या साखरेवर चालत होता तर!

पण श्वासातला कर्ब हवेत परत जातो. मातीत साठतो तो कोणाचा? याचे उत्तर उत्तर स्वीडनच्या सरोवरांतील बेटांनी दिले. मोठ्या बेटांवर वीज पडून वणवे लागतात; काही लहान बेटे हजारो वर्षांत जळलेली नाहीत. त्यामुळे तेथे कमीअधिक वर्षांचा साठा शेजारीशेजारी तपासता येतो. कारिना क्लेमेन्सेन व सहकाऱ्यांना २०१३ मध्ये आढळले, की साठलेल्या कर्बापैकी ५० ते ७० टक्के कर्ब मुळे व त्यांच्या संगतीतील सूक्ष्मजीव यांच्याकडून आलेला होता.

हे आकडे थंड प्रदेशाचे आहेत. उष्ण प्रदेशातील जंगलांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. धडा मात्र सर्वत्र लागू आहे. झाड तोडले की लाकूड गेलेले दिसते, पण खालचा पुरवठा थांबलेला दिसत नाही. जंगलाचा हिशेब केवळ लाकडावरून मांडला, तर जमिनीखालचे खाते कोरेच राहते.