मंडई, तुळशीबाग आणि आपली खरेदी

आपण दहावी झालो तेव्हा 'जरा गावात जाऊन येते' म्हटलं की पुण्यात त्याचा एकच अर्थ होता: मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता. ही सवय आपल्या आज्यांच्याही आधीची.

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरे. १८८६ साली शुक्रवार पेठेत मंडईची दगडी इमारत उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव 'रे मार्केट'. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं! शेजारच्या तुळशीबागेतलं राममंदिर तर १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं. देवदर्शनाला आलेल्या बायका भांडी, बांगड्या, खेळण्यातली भातुकली घेऊन परतत.

आपल्या वेळेपर्यंत सगळं ठरलेलं होतं. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकं, दिवाळीआधी लक्ष्मी रस्त्यावर कापड, मग शिंप्याकडे चकरा. दुपारी एक ते चार दुकानं बंद, हे गृहीतच. वाण्याकडे उधारीची वही असे आणि महिनाअखेर तिची टोटल आई स्वतः तपासत असे.

हे मोबाइलमुळे बदललं असं आपण म्हणतो, पण सुरुवात आधीच झाली होती. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला. वाडे पडले, घरं कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपरी-चिंचवडकडे सरकली. पेठेतलं चालत येणारं गिऱ्हाईक आता गाडीवरून येऊ लागलं आणि पार्किंग मिळेना. मॉल आले ते या अडचणीचं उत्तर म्हणून. २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०२० च्या टाळेबंदीने घरपोच मागवायची सवय पक्की केली.

सोय झाली, हे मी नाकारत नाही. अशीच सॉफ्टवेअर लिहून माझं घर चालतं. पण ॲपवर भाव करता येत नाही. तुळशीबागेत घासाघीस करताना आपल्या आया पैशाचा व्यवहार स्वतःच्या हातात ठेवायला शिकल्या, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून आपण. मंडईत गाळ्यावर बसलेल्या भाजीवाल्या मावश्यांचं पोटही त्या गर्दीवरच आहे.

सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईखाली थांबते. पार्किंगची सबब संपली. पुढच्या भेटीआधी एकदा पिशवी घेऊन जाऊ या, आणि मुलांनाही न्यायचं. भाव त्यांनाच करू द्या.