१४. ब्राइट्स डिसीज
लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) यांनी १८२७मध्ये वर्णिलेला मूत्रपिंडाचा विकार. अंगावर सूज आणि लघवीतून जाणारी प्रथिने ही त्याची खूण. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे. या एका नावाखाली तेव्हा अनेक आजार मोडत, त्यामुळे अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांना त्यातला नेमका कोणता होता, हे सांगण्याचा मोह टाळलेला बरा. यातल्या दाहजन्य प्रकाराला आज ग्लोमेरुलोनेफ्रायटिस म्हणतात. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांवर बहुधा शरीराची प्रतिकारयंत्रणाच उलटते. गुच्छाला आतून आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी बेसुमार वाढतात. केशवाहिन्यांना बाहेरून विळखा घालून बसलेल्या पोडोसाइट पेशींचे बारीक फाटे चपटे होतात आणि प्रथिने निसटतात. पोडोसाइट सहसा विभागत नाहीत. गळून पडल्या की तेवढी जागा उघडी राहते. आजार उग्र असेल तर गुच्छाभोवतीच्या आवरणातल्या पेशी वाढून चंद्रकोरीसारखा थर साचतो आणि गुच्छ चेपला जातो. आर्थर यांचे निदान १८८२चे. अध्यक्षपदावर (१८८१–८५) असताना त्यांनी ते लोकांपासून दडवले. मृत्यू १८ नोव्हेंबर १८८६. — संपा.