चपड्याची उधारी

मुंबईच्या चोर बाजारात एकोणिसाव्या शतकातली शिसवी कोरीव खुर्ची आजही मिळते, याचे श्रेय आपण लाकडाला देतो. शिसव टिकाऊ खरे, पण लाकूड टिकणे वेगळे आणि ते पुन्हा दिवाणखान्यात शोभणे वेगळे. जुन्या फर्निचरला दुसरा जन्म दिला तो चपड्याने. लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून केलेला हा पातळ पापुद्रा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसावर मलमल गुंडाळून बोळा करायचा, तेलाचा थेंब लावायचा आणि हात न थांबवता गोल फिरवत राहायचे. बोळा क्षणभर टेकला तरी डाग उमटतो. नव्या थरातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून पन्नास वर्षांनी आलेला कारागीरही आधीच्याचे काम पुढे चालवू शकत असे.

यावर आक्षेप असा की चपडा नाजूक आहे: गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उठते. ते खरेच आहे. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे लेप त्याहून कणखर, पण ते एकदा सुकले की स्पिरिटला दाद देत नाहीत; ओरखडा पडला तर बहुधा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो. ऑइलपेंटचे तर विचारूच नका, कोरीवकामाच्या खाचा त्याने बुजतात. आजोबांचे कपाट रंगवायला काढण्याआधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. चिकट झाले तर खाली चपडा आहे; मग रंगाचा डबा परत करा आणि पॉलिशवाल्याला बोलवा.