खाणंपिणं

वाई हे गाव लठ्ठपणाच्या बाबतीत पहिल्यापासून उदार आहे. जिथे गणपतीलाच सगळे प्रेमाने ‘ढोल्या’ म्हणतात, तिथे माणसाच्या पोटाकडे बोट दाखवायचं कुणी? गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली कृष्णेच्या घाटावर हे देऊळ बांधलं, तेव्हा पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. म्हणजे कृष्णामाईला वळसा घ्यायला लावला, पण देवाला बारीक व्हायला सांगितलं नाही!

अशा माणसाला आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. खाणं आणि पिणं यांचा समास मराठीने केव्हाच करून ठेवला आहे. या दोन्हींची ओढ मेंदूच्या एकाच आळीत राहते की काय, ही शंका डॉक्टरांना मात्र अलीकडे येऊ लागली. त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

पिणं सोडवण्याचे आपले पहिले उपाय भावनेचे. १९१९ साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. सिंधूसाठी महाराष्ट्र रडला आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला हसला. रुमाल भिजले, पण म्हणून घसे कोरडे राहिले, असं काही झालं नाही. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारू प्रकृतीला वाईट म्हणून बंदी, आणि प्रकृतीसाठी हवी असेल तर परमिट, असा तो दुहेरी कारभार. दारूने बिघडणारी आणि दारूवाचून बिघडणारी, अशा प्रकृतीच्या दोन जाती त्या काळात निघाल्या.

औषध सापडलं ते भलतीकडेच, डेन्मार्कमध्ये. हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध शोधत होते. माणसं सचोटीची, गोळ्या आधी स्वतःच घेतल्या. पुढे नेहमीसारखा एखादा पेला घेतला तो तोंड लालबुंद, छातीत धडधड आणि पोटात ढवळाढवळ. जंतांचं काय झालं ते राहू द्या, पण १९४८ साली दारूवरचं औषध म्हणून डायसल्फिराम जगापुढे आलं. दारू पचताना अंगात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. हे औषध त्याचा निचरा अडवतं, म्हणून प्यायलेली अंगावर येते. मेख एवढीच की यात ओढ जात नाही, फक्त धाक बसतो. घरात पोलीस आणून बसवण्यातला प्रकार. पोलीस रजेवर गेला की चोर हजर! एसटीतून जाताना भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं रंगवलेलं दिसतं. त्या पुडीत काय असतं ते भिंत सांगत नाही. पण डायसल्फिराम कुणी न सांगता आमटीत कालवलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

आता दुसऱ्या बाजूने घोरपड येते. आपल्या घोरपडीने मावळ्यांना सिंहगडावर चढवलं अशी दंतकथा आहे. तिच्या अमेरिकेतल्या दूरच्या बहिणीने, गिला मॉन्स्टर या विषारी प्राण्याने, माणसांची वजनं उतरवली, ही मात्र दंतकथा नव्हे. जेवण झालं की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतं. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. १९९२ साली जॉन एंग या डॉक्टरांना त्याच्यासारखाच, पण जास्त टिकणारा पदार्थ या प्राण्याच्या विषारी लाळेत सापडला. त्यावरून २००५ साली मधुमेहाचं औषध निघालं. त्याच वाटेने पुढे सेमाग्लुटाइड आलं, अमेरिकेत २०१७ ला मधुमेहासाठी आणि २०२१ ला वजनासाठी. २०२५ साली ही वजनाची इंजेक्शनं आपल्याकडच्या दुकानांतही आली.

आणि गंमत अशी, की वजनासाठी सुई टोचून घेणारे काही जण सांगू लागले, ‘डॉक्टर, संध्याकाळचा पेलाही नकोसा झालाय.’ हा पोलीस नव्हे. इथे चोराचाच चोरीतला रस गेला! २०२५ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. व्यसन असलेली ४८ माणसं, ९ आठवडे आणि सेमाग्लुटाइडचा हलका डोस. बैठकीत रिचवायची दारू कमी झाली, ओढही कमी झाली. बैठकींचे दिवस मात्र फारसे घटले नाहीत.

वाईत विश्वकोशाचं कार्यालय असल्यामुळे वाईच्या माणसाला सगळं माहीत असतं, असा आमच्या पाहुण्यांचा समज आहे. त्यामुळे सांगलीहून धाकट्या मेहुणीचा फोन आला.

“भाऊजी, ती वजनाची सुई म्हणे दारूवरही चालते?”

मी अभ्यासलेलं सगळं सांगू लागलो. तिने मध्येच विचारलं, “पण ह्यांचं वजन पंचेचाळीस किलो आहे. चालेल?”

माझी घोरपड तिथेच घसरली. आमचे साडू पितात तेवढे जेवत नाहीत. आधीच मेलेली भूक आणखी मारायची, आणि उरलेलं मांस उतरवायचं? शिवाय डेन्मार्कमध्ये १२७ जणांवर जुन्या भावंडाचा, म्हणजे एक्सेनाटाइडचा प्रयोग झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकूणात फरक पडला नाही. लठ्ठ माणसांचं पिणं कमी झालेलं दिसलं; सडपातळांचं तर उलट वाढलेलं. खात्यापित्या घरच्याला जे लागू पडेल, ते नुसत्या पित्या घरच्याला पडेलच असं नाही.

हे तिला सांगताना मला विनोद सुचला नाही. एवढंच म्हणालो, की सुईचा नाद सोड, पण एकदम दारू तोडायलाही लावू नकोस. रोज पिणाऱ्याला त्यात झटके येऊ शकतात, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे माणसाशी बोलतात, आणि बायकोशीही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बायकोशी पण बोलतात?”

“बोलतात.”

“मग भाऊजी, आधी तेच सांगायचं ना. थांबा, पेन घेते.”